आधी घाट, मग खाडी: गुहागर ते मालवणचा बेत आम्ही कसा आखला

साताऱ्याहून कोकणात जायचं तर सगळ्यात आधी घाट ठरवावा लागतो. त्या हिवाळ्यात आम्हाला गुहागरपासून मालवणपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने खाली जायचं होतं. गाडीत मी, बायको, मुलगा आणि आई. धाकटा भाऊ आपल्या मंडळींना घेऊन मुंबईहून रेल्वेने रत्नागिरीला येणार आणि तिथून भाड्याच्या गाडीने आमच्याबरोबर पुढे निघणार. आईला वळणावळणाच्या रस्त्यावर गाडी लागते, म्हणून जेवढे घाट कमी तेवढं बरं.

देशावरून खाली उतरायला वाटा भरपूर आहेत. पुण्याकडून ताम्हिणी आणि वरंधा, महाबळेश्वरहून आंबेनळी, कराडहून कुंभार्ली, कोल्हापूरकडून आंबा, अणुस्कुरा, गगनबावड्याचे करूळ आणि भुईबावडा, राधानगरीवरून फोंडा, आणि दक्षिणेला आंबोली. पण यातला प्रत्येक घाट आपल्याला मुंबई-गोवा महामार्गाच्या वेगळ्या टोकाला नेऊन सोडतो. आंबेनळीने पोलादपूर, कुंभार्लीने चिपळूण, आंब्याने रत्नागिरीची बाजू, फोंड्याने कणकवली, आंबोलीने सावंतवाडी. म्हणून आधी पहिला मुक्काम नक्की करायचा आणि मग त्याच्या डोक्यावरचा घाट निवडायचा, असं मी आता सगळ्यांना सांगतो.

घरात महाबळेश्वरमार्गे जायचा आग्रह होता, रस्ता देखणा आहे म्हणून. तो देखणा आहेच. पण त्या वाटेने पोलादपूरला उतरून खेडवरून पुन्हा चिपळूणपर्यंत खाली यायचं, आणि आंबेनळीची वळणं आईला सोसणारी नव्हती. कराड, पाटण, कोयनानगर करत कुंभार्लीने उतरलं की थेट चिपळूण, आणि पुढे तोच रस्ता गुहागरच्या समुद्रापर्यंत जातो. विजापूर-गुहागर म्हणून तो जुना ओळखीचा मार्ग. घाट चुकत नाही, पण एकच लागतो. कोयनानगरला हलका नाश्ता, आई पुढच्या सीटवर, गोळी अर्धा तास आधी, इतकं सांभाळलं.

घाट निवडला तरी तो चालू आहे का, हे निघण्याआधी विचारायलाच हवं. वरंध्याचा घाट पावसाळ्यात वरचेवर बंद ठेवतात, करूळ 2024 मध्ये रस्त्याच्या कामासाठी बंद होता. मोबाइलच्या नकाशावर अशा गोष्टी कधी दिसतात, कधी नाही. माझा भरवसा एसटीवर. आगाराच्या चौकशीला फोन करून त्या घाटातून गाड्या सुटतायत का, एवढंच विचारायचं. लाल गाडी जात असेल तर आपली कार नक्की जाते.

खाली उतरल्यावर खरा विचार करायला लावतात त्या खाड्या. नकाशात गुहागर आणि गणपतीपुळे एकमेकांना लागूनच वाटतात, पण मध्ये शास्त्री नदीची जयगड खाडी आहे. उत्तरेला वाशिष्ठीची दाभोळ खाडी, त्याच्या वर सावित्रीची बाणकोट खाडी, खाली पूर्णगडला मुचकुंदी. सह्याद्रीतून निघालेली प्रत्येक नदी समुद्राला मिळताना किनारा कापत जाते, म्हणून इथे सरळ रेषेतल्या अंतराला काही अर्थ राहत नाही. कुठे पूल, कुठे गाड्या वाहणारी फेरीबोट आणि कुठे लांबचा वळसा, हे एकेका खाडीसाठी वेगळं बघावं लागतं.

आम्ही हेदवी, वेळणेश्वर बघून तवसाळला गेलो आणि फेरीबोटीने जयगडला उतरलो. गाडी चढवायची, खिडकीत तिकीट घ्यायचं आणि पाण्याकडे बघत उभं राहायचं. मुलाला अख्ख्या सहलीत हेच सगळ्यात आवडलं. पण फेरीच्या वेळा ठरलेल्या असतात, आणि वाऱ्यापावसात ती बंदही राहते, म्हणून दुसरी वाट हाताशी हवी. इथे ती राई-भातगावच्या पुलावरून आहे. मालगुंडला जिथे उतरणार होतो त्या काकूंनी फोनवर सांगून ठेवलं होतं, "फेरी नाय मिळाली तर भातगाववरून या, पण मला कळवा, मग भात उशिरा लावते." घरगुती ठिकाणी माणसं मोजून स्वयंपाक होतो, त्यामुळे आपण किती वाजता पोचणार हे त्यांना खरंच माहीत असावं लागतं.

भावाच्या तिकिटांवर आमचं सगळ्यात जास्त बोलणं झालं. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, आणि नाताळची सुट्टी असेल तर त्याच दिवशी सकाळी बसलेलं बरं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे उतरायचं कुठे. कोकण रेल्वे समुद्रापासून बरीच आतून जाते. गुहागरला चिपळूण, दापोलीला खेड, देवगडला कणकवली किंवा नांदगाव, मालवणला कुडाळ किंवा सिंधुदुर्ग, अशा जोड्या लावाव्या लागतात. वंदे भारत जलद आहे, पण कोकणात ती खेड, रत्नागिरी, कणकवली अशा मोजक्याच ठिकाणी थांबते. तुतारी किंवा मांडवी वेळ जास्त घेतात, थांबे मात्र पुष्कळ. भावाने येताना रत्नागिरी आणि जाताना कुडाळ धरलं. आल्या वाटेने परत वर जायचं नसल्यामुळे त्याचा एक आख्खा दिवस वाचला. पावसाळ्यात जाणाऱ्यांनी मात्र कोकण रेल्वेचं वेगळं वेळापत्रक बघूनच आखावं. तेव्हा गाड्यांचा वेग कमी ठेवलेला असतो.

रत्नागिरीच्या पुढे मोह होतो तो महामार्गाने झपाट्याने खाली जायचा. महामार्ग वेळ वाचवतो, पण समुद्र दाखवत नाही. आम्ही पावस, पूर्णगड, आडिवरे, जैतापूर अशी किनाऱ्याजवळची वाट धरून देवगडला पोचलो आणि दुसऱ्या दिवशी कुणकेश्वर, मिठबाव, आचरा करत मालवण. या रस्त्यांना मी ताशी तीस किलोमीटरच्या हिशोबाने वेळ दिला होता. गावातून जाणारा अरुंद रस्ता, समोरून एसटी आली की बाजूला दबून उभं राहायचं, मध्येच गुरं. त्यात आईला स्वच्छतागृह लागणार, आणि किनाऱ्याच्या रस्त्यावर तशी जागा पटकन सापडत नाही. म्हणून प्रत्येक टप्प्यात मध्यावर एक मोठं देऊळ किंवा गाव धरून ठेवलं होतं. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा हा आमचा नियम होता, कारण शेवटचे आठ-दहा किलोमीटर बहुतेक वेळा वाडीतले असतात, तिथे दिवे नसतात आणि मोबाइलची रेंज जाते.

परतताना भावाला कुडाळला सोडून आम्ही कणकवलीहून फोंडा घाट चढलो. दाजीपूरचं जंगल, राधानगरी, कोल्हापूर, आणि तिथून सातारा सरळ महामार्गाने. दुसऱ्यांदा कुंभार्लीपर्यंत वर जायचा प्रश्नच नव्हता. आता पुढचा बेत वेंगुर्ला आणि रेडीचा आहे. त्याला उतार आजरा-आंबोलीचा, आणि भावाचं तिकीट सावंतवाडीपर्यंत.