लाओसला किती लागले? तुम्ही विचारलंत म्हणून

‘लाओसच्या लुआंग प्रबांगला दोघांना किती लागले?’ मी आकडा सांगते. मग लगेच, ‘नदी बघायला वरच्या मजल्याचे जादा पैसे? सांगलीकर असून?’ भिशीत, लग्नात, भाजी घेताना तेच. आता एकदाच लिहून टाकते.

विमान आणि व्हिसा सोडून आमचा दोघांचा दिवसाचा खर्च साडेसहा हजारांच्या आसपास गेला. त्यात निम्म्याहून जास्त खोलीचे. सकाळचा नाश्ता खोलीच्या भाड्यात, संध्याकाळी रस्त्यावरच्या बाजारात खायचं. कुआंग सी धबधबा 30 किलोमीटरवर आहे. तिथं आख्खी गाडी करू नका, माणशी पैसे घेणारी व्हॅन मिळते. राजधानी व्हिएन्तियानहून 2021 साली सुरू झालेली रेल्वे दोनेक तासांत पोचवते. डॉलर नेणार असाल तर कोऱ्या नोटा न्या, फाटकी किंवा मळकी नोट घेत नाहीत. हजार रुपयांचे अडीच लाखांच्या आसपास किप, म्हणजे तिथलं चलन, होतात, त्यामुळं पहिल्या दिवशी आपण उगाच श्रीमंत असतो.

आता खोली. आमचं बुकिंग तळमजल्याचं होतं. व्हरांडा थेट मेकाँग नदीकडे, ह्यांनी तर बॅगाही आत ठेवल्या. मी भिंत बघत उभी. कमरेच्या खालचा रंग वरच्यापेक्षा नवा वाटला. हात लावून बघितलं. काउंटरवरच्या मुलीला विचारलं, इथं पाणी आलं होतं का? तिला वाटलं मला प्यायला पाणी हवंय. तिनं बाटली आणून दिली.

हे म्हणाले, ‘अगं, फेब्रुवारी आहे. बघ तरी नदी कुठं आहे ती.’ खरंच होतं. पाणी खूप खाली, काठाच्या उतारावर लोकांनी भाजीचे वाफे केलेले, आपल्या नदीकाठच्या मळीसारखे. नाम खान नदीवरचा बांबूचा पूलसुद्धा कोरड्या दिवसांपुरताच. पावसाळ्याआधी तो काढून ठेवतात. हे सगळं मी घरी वाचून गेले होते. ‘खोलीवर निम्म्याहून जास्त घालवायचे नाहीत’ हा नियमही माझाच, वहीत माझ्याच अक्षरात.

पण 2019 च्या ऑगस्टात, पुरात, सांगलीच्या गावभागात आमच्या स्वयंपाकघरात पिठाचा डबा तरंगत होता. सासूबाईंना खिडकीतून बोटीत उतरवलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, ‘गॅस बंद केलास ना?’ मी हे तिथं बोलले नाही. ‘वरची खोली द्या’ म्हटलं. रात्रीला बाराशे रुपये जादा. ‘इथंही तेच घेऊन आलीस?’ असं म्हणून ह्यांनी बॅगा उचलल्या आणि जेवेपर्यंत बोलले नाहीत.

त्या पैशांपायी पाक ओऊ गुहांची बोट राहिली. ह्यांचं अजून म्हणणं आहे की बोटच घ्यायला हवी होती. वहीवाली मी त्यांच्या बाजूची आहे. पण तिथं मला रात्रभर गाढ झोप लागली, त्याचे किती धरायचे?

तुम्ही खालची घ्या, हिवाळ्यात काही होत नाही. मी पुन्हा गेले तर वरचीच घेईन आणि बोटही करीन. ते साडेसहा हजारांत कसं बसवायचं, यावर आमच्या घरात अजून वाद आहे.