उडी मारली की एक सूर गळतो

'सुपर मारिओ ब्रदर्स'ची पहिली लेव्हल इअरफोन लावून खेळा आणि मारिओला नुसत्या उड्या मारायला लावा. दर उडीला चालीच्या जोडीचा सूर क्षणभर गळतो, मुख्य चाल मात्र अखंड राहते. गेमचा संगीतकार कोजी कोंडो याचं कसब कळायला ही एवढी चाचणी पुरते.

ज्या कन्सोलवर हा गेम चालायचा त्या फॅमिकॉमच्या चिपमध्ये आवाजाचे पाचच चॅनेल: दोन पल्स (धारदार सुराचे), एक ट्रँगल (मऊ सुराचा), एक नॉइज (खरखरीचा) आणि एक सॅम्पलसाठी, म्हणजे ध्वनिमुद्रित आवाजासाठी. १९८५ च्या या गेममध्ये पाचवा वापरलेलाच नाही. उरलेल्या चारांत संगीतही बसवायचं आणि इफेक्टही. उडीचा आवाज पहिल्या पल्सवर येतो, म्हणजे जोडसुराची जागा घेतो. नाण्याची टिंग दुसऱ्या पल्सवर, थेट चालीवरच, पण ती पटकन संपते. वीट फुटते ती नॉइजवर. ट्रँगलवरच्या बेसला मात्र कोणीच हात लावत नाही, म्हणून ताल सुटत नाही.

ट्रॅकरमध्ये, म्हणजे सूर ओळीओळीने भरायच्या सॉफ्टवेअरमध्ये, ही चाल बसवताना बहुतेक जण ट्रँगलपाशी अडतात. त्याला व्हॉल्यूम नसतो. चालू किंवा बंद, बस्स. बेस हळूहळू विरवायला गेलात की तो भाग खोटा वाटतो. स्वर आखूड तोडा, मध्ये शांतता सोडा. शिवाय पल्सला दिलेला टायमरचा (स्वराची उंची ठरवणारा) आकडा तसाच ट्रँगलला दिला तर स्वर एक सप्तक खाली जातो. आणि रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला घुमारा? कृपया नको.

१९८६ च्या 'झेल्डा' या गेमसाठी कोंडोच्या मनात फ्रेंच संगीतकार राव्हेलचा 'बोलेरो' होता. कॉपीराइट संपलेला नव्हता, मग एका रात्रीत स्वतःचीच धून शीर्षकासाठी नव्याने बांधली. बरंच झालं!

हार्डवेअर सुधारलं तरी खेळणाऱ्याच्या हालचालीला संगीत बांधायची सवय सुटली नाही. 'सुपर मारिओ वर्ल्ड'मध्ये योशी या डायनोसॉरवर बसलात की बोंगो सुरू होतात, उतरलात की थांबतात. 'झेल्डा' मालिकेतल्याच 'ओकारिना ऑफ टाइम'च्या (१९९८) मोठ्या मैदानासाठी संगीताचे आठ-आठ मात्राखंडांचे तुकडे केले. ते उलटसुलट क्रमाने वाजतात. यात मेख अशी, की कुठलाही तुकडा कुठल्याही तुकड्यानंतर शोभला पाहिजे. त्याच गेममधल्या ओकारिनाच्या (फुंकून वाजवायच्या एका छोट्या वाद्याच्या) धुना तर बटणांवरच्या पाच स्वरांत बांधल्या आहेत, आणि त्यातला पाचवा म्हणजे पहिलाच, वरच्या सप्तकातला.