दोन मिलिमीटर

बाई आल्या त्या तोंडावर रुमाल धरूनच. बालवाडीत शिकवतात. वरचा समोरचा दात, त्याचं रूट कॅनाल खूप वर्षांपूर्वी झालेलं. त्या सकाळी कॅप निखळून हातात आली आणि तिच्या आत दाताचा तुकडाही होता.

"तेवढी चिकटवून द्या डॉक्टर, साडेदहाला शाळा आहे."

चिकटवली असती तर काही दिवसांतच परत निघाली असती. कॅप सिमेंटच्या जोरावर टिकते असं बहुतेकांना वाटतं. खरं तर तिला धरून ठेवतो तो हिरडीच्या वर उरलेला दात. पटाशीची लाकडी मूठ फाटू नये म्हणून तिच्यावर धातूचं कडं बसवतात ना, तशी कॅपची कड धडधाकट दाताला चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर तरी कवळून बसावी लागते. बाईंचा दात टाळूच्या बाजूला थेट हिरडीलगत तुटला होता. कवळायला काही नव्हतंच.

मूळ मात्र लांब आणि सरळ होतं, भोवतीचं हाड उत्तम. ते उभं चिरलेलं नाही ना, हे मी दोनदा तपासलं. चिरलं असतं तर दात काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. हिरडी आणि हाड थोडं कापून दात उघडा करता आला असता, पण मग हा एकच दात शेजारच्यापेक्षा लांब दिसला असता. दात काढून इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर खोटा दात, हाही पर्याय मी त्यांच्यापुढे ठेवला. पण मला ते मूळ वाचवायचं होतं आणि तसं मी स्पष्ट सांगितलं.

मग कॅपला कवळायला धडधाकट दात हिरडीबाहेर यावा म्हणून शेजारच्या दातांवर तार लावून ते मूळ हळूहळू खाली ओढलं. सोबत हिरडीही खाली उतरू नये म्हणून दर भेटीला मुळाला धरलेले तिचे तंतू कापत गेले. हवं तेवढं खाली आल्यावर काही आठवडे ते तसंच बांधून ठेवलं, नाहीतर परत वर सरकतं. तोवर तारेला चिकटवलेल्या खोट्या दातावर बाईंनी शाळा केली. एकदाही कुरकुरल्या नाहीत.

मला आठवतो तो तात्पुरती कॅप बसवली तो दिवस. रंग आधीच जुळवून घेतला होता, कारण तोंड उघडं राहून दात कोरडा पडला की तो पांढरा भासतो. मुळाच्या आत आधाराला फायबर पोस्ट, म्हणजे एक बारीक काडी, बसवला, दात घासून आकार दिला. आरशात कॅप सुरेख दिसत होती.

"बोलून बघा," मी म्हटलं.

बाईंनी सवयीने वर्गातलीच मुळाक्षरं सुरू केली. त, थ, द, ध. चारही जड. दंत्य अक्षरं ही, जीभ दातांच्या मागे टेकते तेव्हाच उमटतात. आणि मजबुतीच्या काळजीपोटी मी नेमकी तिथेच कॅप जाड ठेवली होती. पुढे 'व'ला खालचा ओठ अडखळला, म्हणजे कडही लांब होती.

"मुलं माझ्या तोंडाकडे बघून शिकतात हो," त्या हळूच म्हणाल्या.

मग थोडं घासायचं, बोलायला सांगायचं, पुन्हा थोडं घासायचं. अर्धा तास गेला असेल. शेवटी "वही काढा, दप्तर ठेवा" हे इतकं स्वच्छ आलं की माझी मदतनीस हातातलं काम थांबवून वळून बघायला लागली.

त्याच तात्पुरत्या कॅपचं माप घेऊन मी लॅबला पाठवलं. चिठ्ठीवर लिहिलं: आकार हाच हवा, मागची जाडी अजिबात वाढवू नका.