तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रीनहॅमचे बंकर पाडू नयेत असं मी का म्हणते

मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कुणीतरी विचारतंच, "ज्यात अण्वस्त्रं ठेवली होती ते बंकर जपा असं तुम्ही कसं म्हणू शकता?" धाकट्या दिरांनी तर सरळ म्हटलं, "वहिनी, तो काय रायगड आहे का?" म्हणून एकदाच नीट लिहिते.

अण्वस्त्रं मला मान्य नाहीत. हे आधी सांगावं लागतं याचाच मला संताप येतो.

इंग्लंडमधल्या न्यूबरी गावाजवळचा ग्रीनहॅम कॉमनचा हवाई तळ आता नाही. तीन किलोमीटरची धावपट्टी उखडली, तिचं काँक्रीट न्यूबरीच्या बायपासमध्येही गेलं. गायरान पुन्हा गायरान झालं, गुरं चरतात. मधूनच झुडपांत एखादा फायर हायड्रंट उभा दिसतो, ज्या धावपट्टीसाठी तो होता तीच नाहीशी झालेली. कंट्रोल टॉवर राहिला. २०१८ पासून तो लोकांसाठी खुला आहे आणि त्याबद्दल मला कुणी जाब विचारत नाही. आक्षेप असतो तो पलीकडच्या सहा बंकरांना. मातीने झाकलेले, वर गवत. प्रत्येकात सोळा, अशी अमेरिकेची एकूण ९६ अण्वस्त्रवाहू क्रूझ क्षेपणास्त्रं. पहिली नोव्हेंबर १९८३ मध्ये आली, शेवटची मार्च १९९१ मध्ये गेली. २००३ पासून बंकरांना कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा माझ्या मतावाचून काही अडलेलं नाही. तरी प्रश्न मलाच.

न्यूबरीत राहायला आले तेव्हा मीसुद्धा "पाडा" म्हणणाऱ्यांतली होते. एवढं सुंदर माळरान, त्यात ही ढेकळं कशाला? तेव्हाच्या मला आज सगळं पटवून देता येईल असं नाही. विशेषतः त्या बाईंचं ऐकल्यापासून.

सत्तरी उलटलेल्या. डिसेंबर १९८२ मध्ये या क्षेपणास्त्रांविरुद्ध तीस हजार बायकांनी हातात हात धरून तळाच्या कुंपणाला वेढा घातला होता, त्यांत त्या होत्या. मग तळाबाहेर निषेधाला बसलेल्या बायकांच्या शांतता छावणीत राहिल्याच. १ जानेवारी १९८३ ला चव्वेचाळीस जणी कुंपण ओलांडून अर्धवट बांधलेल्या बंकरावर चढून नाचल्या, तेव्हा मात्र मुलाला ताप आला म्हणून त्या घरी गेल्या होत्या. ती रुखरुख त्यांच्या बोलण्यात चाळीस वर्षांनीही होती. आम्ही कुंपणाबाहेरून बंकर बघत होतो. मी उत्साहाने सांगत होते, काँक्रीट, वाळू, माती, कुठला थर कशासाठी. त्या थांबल्या.

"त्याची भिंत कशी बांधली ते तू मला सांगतेस?"

मग त्यांनी जे सांगितलं ते मी मध्ये न बोलता ऐकलं. मुलगा चार वर्षांचा होता. त्याला आईकडे ठेवून त्या इथे चिखलात, फांद्यांवर ताणलेल्या प्लास्टिकखाली झोपत. बेलिफ यायचे, बिछाने कचऱ्याच्या गाडीत फेकायचे, त्या पुन्हा प्लास्टिक ताणायच्या. "माझा मुलगा मला आजही आई म्हणत नाही, नावाने हाक मारतो. हे इथून नाहीसं व्हावं म्हणून मी ते सोसलं. आणि आता ते सरकारी संरक्षणात. आमच्या झोपड्या कुठे आहेत? दाखव मला एक."

एकही नाही. तळाच्या यलो गेट या फाटकापाशी छोटी स्मृतिबाग आहे, १९८९ मध्ये तिथे पोलिसांच्या गाडीखाली मेलेल्या, छावणीतल्या हेलन थॉमसची आठवण आहे. झोपडी नाही. मी म्हटलं, "पण बंकर गेले तर तुम्ही कशाशी लढलात हे कुणाला कळणार?" त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे. तेवढं पुरे." गाडीपर्यंत आम्ही बोललो नाही. नंतर मी पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही.

तरीही मी मत बदललेलं नाही. ते माळरान इतकं शांत आहे की बंकर नसते तर तिथे कधी काही घडलं यावर माझ्या मुलीने विश्वास ठेवला नसता. अशी क्षेपणास्त्रं नष्ट करण्याच्या १९८७ च्या अमेरिका-सोव्हिएत करारानंतर, ज्यांच्यावर ही क्षेपणास्त्रं रोखलेली होती त्या सोव्हिएत देशाचेच निरीक्षक इथे तपासणीला येत. बायकांमुळे गेली की गोर्बाचेव्ह-रेगन यांच्या सहीमुळे, यावर वाद चालूच राहील. पण अशी शस्त्रं एखाद्या जागेतून खरोखर बाहेर काढता येतात, हे त्या रिकाम्या बंकरांपुढे उभं राहून दाखवता येतं. तो करार ऑगस्ट २०१९ मध्ये संपला. आता तर ते दाखवण्याची गरज जास्त आहे. दिरांना हेच सांगते: रायगड जपायला लाखो हात आहेत. जिथे गेल्यावर पोटात गोळा येतो ती जागा कुणी जपायची?

खरं तर मला तिथे जायला आवडतं. संध्याकाळी, एकटीने. हे त्या बाईंना सांगायची हिंमत झाली नसती.

त्यांचा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. इमारती जपायच्या ठरलं की ज्यांनी बांधल्या त्यांचीच बाजू उरते, प्लास्टिकखाली राहणाऱ्यांची उरत नाही. म्हणून आता मी बंकरांच्या जोडीला कुंपणाचंही बोलते. बरंचसं काढून झालंय, बंकरांभोवतीचं आहे. गंजलंय, विद्रूप दिसतं, लोक म्हणतात निदान ते तरी काढा. ते काढू नका. बायका त्या कुंपणाशीच होत्या.