जी तारेचा खड्डा सरकला, आणि दीड सेकंदाचा दावा मागे

आधी कबुली. मागच्या वेळी मी छातीठोकपणे लिहिलं होतं की इलेक्ट्रिक गिटारमध्ये अ‍ॅशची जड बॉडी जी (G) तारेवर दीड सेकंद जास्त सस्टेन देते, म्हणजे सूर तेवढा जास्त टिकतो. ते विसरा. पण ती चूक शोधताना गेल्या तीन आठवड्यांत जे हाती लागलंय, ते त्या दीड सेकंदापेक्षा कितीतरी मजेशीर आहे.

मांडणी तीच. एक बॉडी अ‍ॅश या जड लाकडाची, दुसरी पॉलोनिया या हलक्या लाकडाची, दोन्ही स्ट्रॅटच्या (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या) आकाराच्या. मेपलचा ६४८ मिमी स्केलचा (तारेच्या कंपणाऱ्या भागाची लांबी) नेक, म्हणजे तारा दाबायची लांब दांडी, एकच; हार्डटेल (न हलणारा) ब्रिज एकच, पिकअप आणि वायरिंगसकट पिकगार्डही (बॉडीवरची पाटी) एकच. नुसती अ‍ॅशची बॉडी २.८२ किलो, पॉलोनियाची १.२४. सगळं जोडल्यावर ४.४६ आणि २.८८. डोळे मिटून खांद्यावर घेतली तरी कुठली ते कळावं, एवढा फरक.

चूक पिकअपच्या, म्हणजे तारेचं कंपन टिपणाऱ्या चुंबकी भागाच्या, उंचीत होती. पिकगार्ड पॉलोनियावर चढवताना नेक पिकअप तारांच्या पाऊण मिलिमीटर जास्त जवळ बसला होता. माझ्या पिकअपचे पोल (प्रत्येक तारेखालचे चुंबकाचे खुंट) जुन्या पद्धतीने खाली-वर आहेत. त्या काळी G तार गुंडाळीची (वर बारीक तार गुंडाळलेली) असायची, म्हणून तिचा पोल उंच. आजच्या साध्या जी तारेला तोच लोहचुंबक ओढत बसतो. सूर हेलकावे खातो, आणि आवाज विरण्याचा आलेख सरळ उतरण्याऐवजी लाटालाटांनी उतरतो. मी त्या लाटेच्या तळाला ‘संपला’ म्हणत होतो. आता दोन्हीकडे पिकअप फीलर गेजने मोजून, एकाच अंतरावर, मुद्दाम बराच खाली ठेवलाय.

दुसरी सुधारणा पिकची. हाताने छेडलं की प्रत्येक वेळी जोर वेगळा. त्यामुळे आता ०.१ मिमी तांब्याची तार गिटारच्या तारेभोवती अडकवायची आणि तुटेपर्यंत हळूहळू ओढायची. ती दर वेळी जवळपास तेवढ्याच जोराला तुटते. पहिल्या दिवशी चाळीस तुकडे वाया गेले, पण नंतर आकडे इतके शहाण्यासारखे वागू लागले की मी दोनदा ऑडिओ इंटरफेसचं गेन तपासलं. रेकॉर्डिंग थेट डीआय (अ‍ॅम्प-माइकशिवाय, गिटार सरळ इंटरफेसमध्ये), मोजणी ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये. फुकटचं असूनही या कामाला त्याहून जास्त काही लागत नाही, हे माझं मत कायम.

तर मोकळी जी तार ३० डेसिबल उतरायला लागलेला वेळ, दहा-दहा छेडींची सरासरी: अ‍ॅश ८.१ सेकंद, पॉलोनिया ७.९. आणि एकाच बॉडीवरच्या दहा छेडींतच ०.४ सेकंदांचा इकडेतिकडे फरक. म्हणजे फरक नाहीच.

विचार केला तर नवल वाटायला नको होतं. ०.०१७ इंची साध्या जी तारेचा नट ते सॅडल (दोन टोकांचे आधार) हा भाग जेमतेम पाऊण ग्रॅम भरतो. १.२४ किलोची बॉडी तिच्या सोळाशे पटींहून जड, २.८२ किलोची साडेतीन हजार पटींहून. तारेच्या दृष्टीने दोन्ही भिंतीच. भिंत एक वीट जाड की दोन, चेंडूला काय फरक पडतो? १९४० च्या सुमाराला गिटारवादक लेस पॉल यांनी चार बाय चार इंची पाइनच्या ओंडक्यावर तारा चढवल्या, तेव्हापासून ‘जड म्हणजे सस्टेन’ हे आपल्या डोक्यात बसलंय. पण त्या ओंडक्याचं मर्म त्याच्या वजनात नव्हतं. अकूस्टिकची पातळ पाटी जशी तारेची ऊर्जा घेऊन हवेत उधळते, तसं तो करत नव्हता, एवढंच.

इथवर सगळं छान. मग मी फ्रेट बाय फ्रेट (फ्रेट म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) मोजायला बसलो, आणि पुढचे पंधरा दिवस त्यातच गेले.

अ‍ॅशवर जी तार, चौथा फ्रेट: ६.३ सेकंद. पाचवा फ्रेट: २.१. सहावा: ४.९. पाचव्यावर सूर ‘टण्’ म्हणतो आणि मरतो. कानाला तो खड्डा मला वर्षभरापूर्वीच जाणवला होता, पण मी त्याचं खापर फ्रेटवर फोडलं होतं. आता तो फ्रेट पुन्हा घासला, क्राउन केला (माथा गोल केला), रॉकरने (फ्रेटची उंची तपासायच्या पट्टीने) तपासला. जैसे थे. सॅडल बदललं, नवी तार घातली, नेकचे चारही स्क्रू ढिले करून पुन्हा आवळले. २.१, २.०, २.२. अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) इतकी उंच केली की स्लाइडच वाजवावी, तरी २.१. साडेचार किलोचं धूड मांडीवर घेऊन मी एका सुराची विनवणी करत होतो.

शेवटी वैतागून पॉलोनियावर गेलो. मनात होतं की जडमध्ये ही गत, तर हलकीत पाचवा फ्रेट ऐकूसुद्धा येणार नाही. आला ५.२ सेकंद! मेला तो सहावा, २.३ सेकंदांत.

हे पाहिल्यावर मी खुर्चीतून उठलो. खड्डा दोन्हीकडे आहे, जवळपास तेवढाच खोल, फक्त एक फ्रेट सरकलाय. म्हणजे दोषी बॉडी नव्हेच, दोन्हीत सामायिक असलेली लांब, बारीक, लवचिक फळी. नेक!

पिएझोची (कंपन टिपणारी) चकती हेडस्टॉकच्या, म्हणजे नेकच्या ट्यूनर असलेल्या टोकाच्या, मागे चिकटवली, तारा कापडाने दाबल्या आणि नेकवर बोटाने टकटक केली. स्पेक्ट्रममध्ये स्वच्छ शिखर: अ‍ॅशवर २६६ हर्ट्‌झ, पॉलोनियावर २७९. जी तारेचा पाचवा फ्रेट म्हणजे सी, २६१.६ हर्ट्‌झ. सहावा सी शार्प, २७७.२. नेक ज्या सुराला स्वतः डोलतो तो सूर तुम्ही छेडला, की फ्रेटकडचं टोक स्थिर न राहता तारेबरोबर हलतं आणि तारेची ऊर्जा पिऊन टाकतं. बी तारेच्या पहिल्या फ्रेटवरही तोच सी आहे, पण तो ठणठणीत आहे. चकती तिथे सरकवून पाहिली, तर नेकचा तो भाग या सुराला फारसा हलतच नाही.

खात्रीसाठी हेडस्टॉकला २३० ग्रॅमचा सी-क्लॅम्प लावला, मधे चामड्याचा तुकडा. अ‍ॅशवरचं शिखर उतरून २४३ वर. पाचवा फ्रेट ६ सेकंद, आणि खड्डा चौथ्यावर! या एका रीडिंगसाठी सगळे आठवडे वसूल. रात्री साडेअकराला मी तो सी धरून बसलो होतो आणि तो संपतच नव्हता.

म्हणजे माझ्यापुरतं उत्तर असं: बॉडीचं वजन सस्टेन वाढवत नाही, खड्ड्याची जागा बदलतं. आणि बॉडीतले दीड किलो १३ हर्ट्‌झ हलवतात, तर हेडस्टॉकवरचे २३० ग्रॅम २३. वजन किती यापेक्षा ते कुठे आहे हा प्रश्न मोठा. १९८० च्या सुमाराला आलेल्या स्टाइनबर्गर बेसला हेडस्टॉकच नाही, बॉडी वीतभर, नेक ताठ कार्बन-ग्रॅफाइटचा. त्याचे सूर सगळ्या फ्रेट्सवर सारखे निघतात असं वाजवणारे सांगतात, ते का हे आता पटतं.

टोनचं थोडक्यात. दोन्हींच्या वीस क्लिप्स उलटसुलट करून ऐकल्या, कुठली कुठली ते ओळखायचं होतं. अकरा बरोबर. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते. मोठ्या आवाजात अ‍ॅम्पसमोर पॉलोनिया लवकर फीडबॅक देते हे खरं, पण ती वेगळी चाचणी.

आता गंमत. वरचे आकडे टाइप करताना बेंचवरचे फोटो बघत होतो. अ‍ॅशच्या प्रत्येक फोटोत हेडस्टॉकवर क्लिप-ऑन ट्यूनर आहे. पॉलोनियाच्या एकाही फोटोत नाही. काखेत कळसा! ग्रॅमग्रॅमचा हिशोब करणारा मी, आणि ३४ ग्रॅम डोळ्यांसमोर लटकत होते.

लिहिणं थांबवून अ‍ॅश पुन्हा जोडली, ट्यूनर काढून मोजलं. २७० हर्ट्‌झ. म्हणजे बॉडीचा वाटा १३ नव्हे, ९. वरचं वाक्य खोडत नाही, दुरुस्ती इथेच समजा. पण २७० म्हणजे सी आणि सी शार्पच्या बरोबर मध्ये! पाचवा फ्रेट ३.९ सेकंद, सहावा ४.१. दोन्ही जरा दमलेले, पण मेलेलं कोणीच नाही. सी अर्धवट बेंड केला (तार आडवी ताणून सूर थोडाच चढवला) की मात्र सूर खड्ड्यात जातो. मान्य, पण अर्धवट बेंडवर कोण थांबतं?

यामुळे आतून पोकळ (चेंबर) केलेली तिसरी बॉडी बनवायचा बेत होता, तो रद्द. महोगनीची फळी तशीच राहू दे. त्याऐवजी पॉलोनियाचं शिखर २७९ वरून दोन फ्रेट्सच्या मध्ये ढकलायचंय. खाली २७० वर आणायचं तर हेडस्टॉकला ८० ग्रॅम पितळ लावावं लागेल, आणि ती आधीच पट्ट्यावर सोडली की नाकावर (हेडस्टॉककडे) पडते. लाकूडही इतकं मऊ की पट्ट्याचं बटण एकदा स्क्रूसकट उपसून आलंय (भोकात कठीण लाकडाची खुंटी भरली, आता घट्ट आहे). मग वर का ढकलू नये? तारा पिळायचे सध्याचे सहा सीलबंद ट्यूनर २१२ ग्रॅमचे. डब्यात जुन्या नेकचे उघड्या गिअरचे पडलेत, ते १५८ चे. चोपन्न ग्रॅम कमी म्हणजे माझ्या हिशोबाने ६ हर्ट्‌झ वर, २८५. सी शार्प २७७.२, डी २९३.७. बरोबर मधोमध! आणि नाकावर पडणंही कमी.

अडचण एकच. जुन्या ट्यूनरना बारीक भोकं लागतात, नेकची मोठी, म्हणून बुश (भोकात बसणारी कडी) लागणार. एका विक्रेत्याकडून मागवलेले बुश मापापेक्षा अर्धा मिलिमीटर सैल निघाले. ते परत पाठवलेत. नवे येईपर्यंत पॉलोनियावर पेनाने खूण करून ठेवतो: ‘ट्यूनर काढलास का?’