टाइप २ व्हॅन आणि पिकअप, १/२४: नाकावरची रेघ आणि मागचा हौदा

मागच्या नोंदीत फोक्सवॅगन टाइप २ च्या दोन स्केल मॉडेलांच्या (खऱ्या गाडीच्या १/२४ आकाराच्या) बॉड्या प्रायमरवर, म्हणजे रंगाखालच्या राखाडी थरावर, थांबल्या होत्या. या तीन आठवड्यांत व्हॅनचं दुरंगी काम पार पडलं आणि पिकअपच्या हौद्याला हात घातला. चाकं आणि बंपर मधल्या वेळात उरकले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आधी व्हॅन. जर्मनीत १९५० ते १९६७ या काळात बनलेल्या या फोक्सवॅगनचं सगळं रूप तिच्या नाकावरच्या ‘व्ही’ आकाराच्या उंचवट्यात आहे. वरचा पांढरा आणि खालचा निळा जिथे भेटतात ती रेघ जराशी हलली, की मॉडेल लगेच खेळण्यासारखं दिसतं. म्हणून फिका रंग आधी दिला आणि दोन दिवस त्याला हातही लावला नाही. उंचवट्याच्या कडेने १ मिमीची लवचिक टेप नखाने दाबत बसवली, तिच्यावर रुंद टेप लावली. निळ्याआधी टेपच्या काठावर पुन्हा पांढऱ्याचाच एक पातळ हात मारला. टेपखाली रंग शिरायचा असेल तर तो पांढराच शिरतो आणि फट बुजते. मग एअरब्रशच्या ०.३ मिमीच्या नोझलने निळ्या लॅकरचे (पाण्यात न विरघळणाऱ्या रंगाचे) तीन पातळ हात दिले. टेप शेवटच्या हातानंतर वीस मिनिटांनी काढली, अगदी मागे दुमडून, सावकाश. रेघ सुरीने कापल्यासारखी आली. ते बघून जो आनंद झाला, त्यासाठीच तर हे सगळं करतो आपण.

चूक पुढे झाली. क्लिअरचे, म्हणजे वरच्या पारदर्शक थराचे, तीन हात आठवडाभर वाळवून २००० नंबरच्या वॉटर पेपरने संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा उतरवत होतो. छपराच्या पन्हळीवर कागद एकदाच जास्त फिरला आणि धारेवर प्रायमरचा राखाडी डोकावला. धारेवर रंग मुळातच पातळ बसतो, हे माहीत असूनही. तेवढीच जागा पांढऱ्याने भरून पुन्हा क्लिअर देण्यात दोन दिवस गेले. आता घासण्याआधी प्रत्येक धारेवर १ मिमीची टेप लावतो, ती कंपाउंडच्या (चकाकी आणणाऱ्या पॉलिशच्या) शेवटच्या फेरीलाच काढतो.

पिकअपचा हौदा हे वेगळंच प्रकरण आहे. बॉडी चकचकीत आणि हौदा वापरलेला, असं हवं होतं. तळाला गंजाचा तपकिरी दिला, त्यावर हेअरस्प्रेचे दोन हलके हात आणि वर निळा. पाणी लावून घासलं की हेअरस्प्रे सुटतो, वरचा निळा उडतो आणि खालचा गंज दिसतो. हा निळा मात्र पाण्यात विरघळणारा ॲक्रिलिकच हवा. लॅकरमधून पाणी खाली पोचत नाही आणि हेअरस्प्रे सुटत नाही. अडचण अशी, की बॉडीसाठीच्या लॅकरशी ॲक्रिलिकची छटा तंतोतंत जुळेना. चार तुकड्यांवर करून पाहिलं आणि शेवटी त्यात थोडा पांढरा मिसळून तो मुद्दाम उन्हाने विटल्यासारखा केला. व्हॅनच्या निळ्या बॉडीशेजारी धरला तर आता तो फरक खरा वाटतो.

खरचटवताना ओल्या, आखूड केसांच्या ब्रशने घासलं. पहिल्या प्रयत्नात सगळीकडे सारखेच ठिपके उडाले आणि हौद्याला गोवर आल्यासारखं झालं. ते पुसून पुन्हा रंगवलं. दुसऱ्यांदा आधी विचार केला: माल कुठून चढतो, कुठे घासत जातो? फाळक्यांच्या वरच्या कडा, त्यांची आतली बाजू आणि मागच्या फाळक्याजवळचा तळ एवढंच झिजवलं, कोपरे जवळजवळ कोरे ठेवले. तळाच्या लाकडी पट्ट्या वाळूरंगावर तपकिरी ऑइल पेंटने पुसून घेतल्या. मधल्या चार पट्ट्या जास्त फिक्या ठेवल्यात, माल तिथूनच सरकतो.

हौदा सध्या धूळ बसू नये म्हणून उलट्या डब्याखाली वाळतोय. हौद्याखालच्या सामानाच्या कप्प्याचं दार उघडं दाखवायचा विचार आहे. तसं केलं तर आतला भागही रंगवावा लागेल, म्हणून पिकअपच्या बॉडीचा निळा सध्या थांबवलाय.