फोंडा, पणजी, वाळपई आणि एक निळा डबा

फोनला जोडून हेडफोन वाजवणारा छोटा डॅक, म्हणजे डिजिटल फाइलीचा ऐकता येणारा आवाज करणारा डबा, घ्यायचं ठरवलं, तेव्हा बेंगळुरूच्या भाच्याने फोनवर पहिलाच प्रश्न टाकला, "मामा, चिप कुठली आहे ते बघितलंस का?" ईएसएस, सिरस लॉजिक, एकेएम ही चिप बनवणाऱ्या कंपन्यांची नावं त्याला तोंडपाठ. मी ऐकून घेतलं आणि चिपचा मुद्दा यादीत सगळ्यात खाली ढकलला. आजच्या बऱ्या डॅकमधली कुठलीही चिप माझ्या पन्नाशीच्या कानांना पुरून उरते. पारख करायची ती तिच्या पुढच्या भागाची, म्हणजे त्याच डब्यातल्या, आवाजाला जोर देणाऱ्या अँप्लिफायरची. आणि ती करायची आपला हेडफोन समोर ठेवून.

माझा हेडफोन बायरडायनॅमिकचा जुना डीटी ७७० प्रो, २५० ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा). हेच मॉडेल ३२ आणि ८० ओहममध्येही मिळतं. बंद कपांचा घेतला, कारण रात्री घरात पंखा फिरत असतो आणि शेजारच्या खोलीत आई झोपलेली असते. एक मिलिवॉटला हा ९६ डेसिबल देतो असं कंपनी सांगते. २५० ओहमला एक मिलिवॉट म्हणजे अर्धा व्होल्ट. व्होल्टेज दुप्पट केलं की ६ डेसिबल वाढतात, म्हणजे १ व्होल्टला १०२ आणि २ व्होल्टला १०८. एवढं गणित वहीत मांडलं की दुकानदाराचं अर्धं भाषण आपोआप गळून पडतं.

आता कुणी म्हणेल, १०२ डेसिबल म्हणजे कान फुटायची वेळ, आणखी कशाला हवं? बरोबर आहे. हल्लीची सिनेमाची गाणी ऐकणाऱ्याला खरंच नको. ॲपलचा तो वीतभरही नसलेला टाइप-सी अडॅप्टर साधारण १ व्होल्ट देतो आणि त्याच्या किमतीच्या मानाने फार स्वच्छ वाजतो. फक्त बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज पूर्ण उघडत नाही, तेवढं बघून घ्यावं. तुमचं ऐकणं असं असेल आणि हेडफोन ३२ ओहमच्या आसपासचा असेल, तर तोच घ्या आणि उरलेल्या पैशांत चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळाफुलांची चौकट, सजवा.

माझं ऐकणं निराळं. मी भजनी मंडळात पेटी वाजवतो आणि जुन्या बैठकांच्या कॅसेटवरून उतरवलेल्या फाइलींतून बंदिशी लिहून काढतो. ही ध्वनिमुद्रणं मुळातच हळू असतात. आलाप तर कमाल पातळीच्या ३० डेसिबल खाली सहज जातो. मग त्या १०२ चे ७२ उरतात, वर पंखा आहेच, आणि गायकाने निषाद कुठे लावला हे शोधताना आवाजाचं बटण शेवटाला टेकलेलं असतं. मला हवे होते ते हे वरचे दोन-तीन व्होल्ट. मोठ्याने ऐकायची हौस नाही, हळू मुद्रणाला वर उचलायची सोय हवी.

दुसरी अट प्रवासाची. खिशात मावायलाच पाहिजे असं नाही, पण पिशवीतून तीन ठिकाणी फिरायला हवं: फोंड्याचं घर, पणजीचं ऑफिस (जेवणाची सुट्टी) आणि वाळपईच्या पुढचं आमचं मूळ घर. फोंडा-पणजी कदंब बसमध्ये मी हा हेडफोन काढत नाही. इंजिन, कंडक्टरची शिटी आणि मागच्या सीटवरचा मोबाइल यांच्यामध्ये श्रुती शोधायला बसणं हा वेडेपणा. तिथे साधे इअरफोन पुरतात. मूळ घरी मात्र निवांतपणा असतो, पावसाळ्यात वीज मात्र असेलच असं नाही. त्यामुळे भिंतीतल्या प्लगवर चालणारं यंत्र बाद, आणि फोनच्याच विजेवर चालून त्याचं रक्त पिणारा डोंगलही बाद. कारण वीज नसताना फोनची बॅटरी ही घरातली सगळ्यात मोलाची वस्तू.

म्हणजे स्वतःची बॅटरी हवी, आणि चार्जिंगचं भोक वेगळं, डेटाचं वेगळं हवं. कॉर्ड कंपनीच्या मोजो या डॅकला हे पहिल्यापासून आहे, आयफाय कंपनीच्या हिप-डॅकलाही आहे.

मोजो ऐकायला मिळाला. आमच्या तबलजीच्या मुलाकडे आहे. त्यात विकतची डॅक चिप नाहीच, कंपनीने आपला कोड एफपीजीएवर, म्हणजे हवी तशी जुळवता येणाऱ्या कोऱ्या चिपवर, चालवला आहे, आणि आवाज वाढवला की बटणांच्या गोळ्यांचे रंग बदलतात. पोरांना तेच जास्त आवडतं. हिप-डॅकशी तुलना करायची म्हणून मी घरचा मल्टिमीटर काढला. दोन यंत्रांपैकी एक थोडं जरी मोठं वाजलं तरी कान त्यालाच चांगलं म्हणतात, म्हणून आधी आवाज सारखा करायला हवा. ५० हर्ट्झचा सूर लावायचा (स्वस्त मीटर तिथेच खरं बोलतात), हेडफोन जोडलेला ठेवून दोन्हींचं व्होल्टेज जुळवायचं आणि मग डोळे मिटून ऐकायचं. बायको तारा बदलत होती. मला कुठला कुठला ते खात्रीने सांगता आलं नाही. तबलजीच्या मुलालाही नाही, पण तो ते मान्य करत नाही.

डब्यावरच्या ३२ बिट आणि ३८४ किलोहर्ट्झबद्दल, म्हणजे आवाज किती बारकाईने आणि सेकंदाला किती वेळा मोजला त्या आकड्यांबद्दल, काय सांगावं? सीडीचे १६ बिट म्हणजे ९६ डेसिबलचा पल्ला. घरगुती कॅसेटला याच्या जवळपासही जाता येत नाही. केरीच्या केसरबाई केरकरांची एक भैरवी १९७७ साली व्हॉयेजरच्या सुवर्णतबकडीवरून अंतराळात गेली. ती साडेतीन मिनिटं ऐकायला १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ उदंड झाले. उलट अँड्रॉइड फोन पुष्कळदा सगळं ४८ किलोहर्ट्झला बदलून पुढे पाठवतो, ते डब्यावर कुणी छापत नाही. अँड्रॉइड १४ पासून जसंच्या तसं पाठवायची सोय आली आहे, पण प्लेअर ॲपनेही ती वापरायला हवी.

४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड जॅकचा, म्हणजे दोन्ही कानांच्या तारा पूर्ण वेगळ्या ठेवणाऱ्या जोडणीचा, बोलबाला खूप आहे. व्होल्टेज दुप्पट मिळतं हे खरं. पण माझ्या हेडफोनची तार कायमची जोडलेली आणि टोकाला साधी पिन. डाग देऊन नवी तार बसवण्यापेक्षा मी तेवढ्या वेळात एक बंदिश उतरवीन.

मुलीचे इअरफोन १६ ओहमचे आणि फार संवेदनशील. तिथे नियम उलटा होतो. अँपचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे त्याच्या आतला अडथळा, हेडफोनच्या एक अष्टमांशापेक्षा कमी हवा, म्हणजे इथे २ ओहमच्या आत, आणि गाणं थांबल्यावर मागे खस्स ऐकू येता कामा नये. म्हणून गेन, म्हणजे अँप आवाज किती पटीने वाढवतो ते, कमी-जास्त करायचं बटण हवंच. माझ्यासाठी जास्त, तिच्यासाठी कमी. तिने कानात घालण्याआधी गेन खाली आणि आवाज शून्यावर, हा घरात कायदा.

शेवटी हिप-डॅक घेतला. गोल खुंटी फिरवून आवाज करायचा, हे पेटीवाल्या हाताला बरं वाटतं. आकार कमरेला लावायच्या दारूच्या चपट्या बाटलीवर बेतलेला आहे. आईने पिशवीतून बाहेर आलेलं निळं टोक बघितलं आणि विचारलं, "ऑफिसात हे घेऊन जातोस?" तिला कानाला लावून दीनानाथांचं नाट्यगीत ऐकवलं तेव्हा कुठे फेणीचा संशय फिटला.

जपायचं ते दोन गोष्टींपासून. मे महिन्यात बंद गाडीत ठेवायचा नाही, लिथियम बॅटरी उन्हात लवकर म्हातारी होते, आणि महिनाभर वापरायचा नसेल तर अर्धी भरून ठेवायची. जून लागला की डब्यात सिलिका जेलची पुडी, आणि हेडफोनची पिन अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसायची. आमच्या हवेत पिनेवर डाग चढतो आणि एका कानाचा आवाज खरखरायला लागतो. लोक मग डॅक बदलतात.

तारेचं एक सांगायचं राहिलं. याच्या डेटाच्या बाजूला आत दडवलेला नर यूएसबी-ए आहे, म्हणजे फोनला दुसरं यंत्र जोडायची साधी ओटीजी तार थेट बसते. सोबतची तार मूळ घरी विसरली तरी वाळपईच्या मोबाइलच्या दुकानात दुसरी मिळते.